भंगारवाल्याला जरा थांबायला सांगा

शाळेच्या संगणक कक्षातले दहा-बारा जुने पीसी, वाचनालयाच्या कोपऱ्यातला एक, पतपेढीतले चार, मुलाच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला घेतलेला लॅपटॉप. यातलं काहीही भंगारात द्यायला काढलं असेल, तर हा लेख वाचून होईपर्यंत तरी ते असू द्या.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ थांबवला. त्या दिवशी मशिनं बंद पडली नाहीत. ती आजही सकाळी चालू होतात, टॅली उघडतात, प्रिंट देतात. फरक इतकाच की त्या सिस्टीममध्ये नवं भोक सापडलं, तर ते बुजवणारं अपडेट आपोआप येण्याचे दिवस संपले. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळते, तीही मागून घ्यावी लागते. संस्थांना पैसे मोजून आणखी थोडी मिळते. विंडोज ११ टाकू म्हटलं, तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१७ च्या आरंभी घेतलेलं सातव्या पिढीचं आय-फाइव्ह, आठ जीबी रॅमचं, आजही खणखणीत चालणारं मशीन या तपासणीत नापास होतं. ही अट केवळ धंद्यासाठी घातली असं मी म्हणणार नाही, त्या चिपला सुरक्षेच्या दृष्टीने अर्थ आहे. पण जिल्हा परिषदेच्या ज्या शाळेने लोकवर्गणीतून किंवा आमदार निधीतून ती मशिनं उभी केली, तिला हा अर्थ ऐकून काय मिळणार?

अपडेट नसलेलं मशीन तसंच चालवत राहणं हा काही मार्ग नव्हे. मे २०१७ मधलं वॉनाक्राय आठवा. ज्या भोकातून तो व्हायरस शिरला, त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिलेलं होतं. ज्यांनी ते लावलं नव्हतं ते सापडले, आणि त्यात ब्रिटनमधली सरकारी इस्पितळंही होती. तेव्हा नवं मशीन घ्या, नाहीतर आहे त्यावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाका. मी दुसऱ्या मार्गाचं आवाहन करतो आहे, आणि त्यामागे पैसे वाचवण्यापलीकडचं कारण आहे. डेस्कटॉपवर एकाहून जास्त ऑपरेटिंग सिस्टीम जिवंत राहायला हव्यात. दुकानातल्या नव्या मशीनवर ही स्पर्धा होतच नाही, कारण तिथे निकाल आधीच लागलेला असतो. ती झाली तर या जुन्या मशिनांवरच होईल.

निकाल आधीच कसा लागतो, हे जुन्या गोष्टींतून नीट कळतं. डॉसच्या काळात मायक्रोसॉफ्टचा पीसी बनवणाऱ्या अनेक कंपन्यांशी करार असे : जितकी मशिनं विकाल तितक्यांचे पैसे द्या, मग त्यात आमचा डॉस भरा किंवा भरू नका. डिजिटल रिसर्च या कंपनीचा डीआर-डॉस तेव्हा बाजारात होता आणि जाणकारांना तो आवडतही होता. पण तो भरायचा तर उत्पादकाला दोनदा पैसे मोजावे लागणार. कोण मोजेल? अमेरिकी सरकारने १९९४ च्या तडजोडीत ही पद्धत बंद करायला लावली, तोवर डीआर-डॉसची हवा गेली होती.

पुढची गोष्ट बीओएसची. अ‍ॅपलमधून बाहेर पडलेल्या जाँ-लुई गॅसे यांनी १९९० मध्ये बी नावाची कंपनी काढली आणि ध्वनी-चित्राच्या कामासाठी अतिशय चपळ अशी सिस्टीम उभी केली. पीसीवाल्यांनी ती विंडोजच्या शेजारी भरून द्यावी, निदान ग्राहकाला दिसू तरी द्यावी, एवढीच त्यांची धडपड होती. जपानच्या हिताचीने आपल्या एका मॉडेलमध्ये ती खरंच भरली. पण मशीन सुरू होताना ‘दोन्हींतली कोणती हवी’ असं विचारणारा पडदा काही हिताचीने दाखवला नाही. मायक्रोसॉफ्टशी असलेल्या करारामुळे तो दाखवता येत नव्हता, असं बी कंपनीने पुढे खटल्यात म्हटलं. म्हणजे ग्राहकाच्या हार्ड डिस्कवर दुसरी सिस्टीम पडून होती आणि ती सहज उघडायची सोय मात्र नव्हती. २००१ मध्ये बीची मालमत्ता पाम या कंपनीने विकत घेतली. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने चूक मान्य न करता २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन तो खटला मिटवला. पैसे मिळाले तेव्हा कंपनी नावापुरतीच उरली होती.

अमेरिकी सरकारनेही मे १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर मोठा खटला भरला. जून २००० मध्ये न्यायमूर्ती जॅक्सन यांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. वर्षभराने अपील न्यायालयाने तुकडे करण्याचा आदेश रद्द केला, मात्र मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवल्याचा ठपका कायम ठेवला. कागदावर हा स्पर्धेचा विजयच. पण तोवर आयबीएमची ओएस/२ बाजूला पडली होती आणि बीओएसचाही शेवट जवळ आला होता. कोर्टाचा निकाल यायला वर्षं लागतात आणि बाजार तेवढा वेळ थांबत नाही. म्हणून मला कोर्टापेक्षा शाळेच्या संगणक कक्षाचा भरवसा जास्त वाटतो.

‘मॅक आहे की’ असं कुणी म्हणेल. आहे, आणि चांगला आहे, पण अ‍ॅपलची सिस्टीम अ‍ॅपलच्याच मशीनसाठी असते. पतपेढीच्या जुन्या पीसीला तिचा उपयोग नाही. गूगलची क्रोमओएस फ्लेक्स जुन्या मशीनवर चालते खरी, पण मग सगळा कारभार गूगलच्या खात्यावर. उरतं ते लिनक्स. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ते सुरू केलं. त्याचा मालक कुणी एक नाही, म्हणून ते डीआर-डॉससारखं गुदमरवता येत नाही आणि बीसारखं विकतही घेता येत नाही. वापरणारे मात्र लागतात. वापरणारे नसले की प्रिंटरवाले ड्रायव्हर देत नाहीत, सॉफ्टवेअरवाले तिकडे बघत नाहीत, आणि मग जे थोडे वापरत असतात तेही कंटाळून परत जातात.

सगळीकडे एकच सिस्टीम असण्याची किंमत आपण हल्लीच पाहिली. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज मशिनं निळ्या पडद्यावर आणून ठेवली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यायची वेळ आली. चूक मायक्रोसॉफ्टची नव्हती. पण सगळी अंडी एका टोपलीत असली की टोपली कुणाच्या हातून पडली याला फारसा अर्थ राहत नाही. त्याच्या पुढच्या जुलैत, २०२५ मध्ये, नायरा एनर्जी या मुंबईत मुख्यालय असलेल्या तेल कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट सेवा युरोपीय संघाच्या निर्बंधांमुळे एकाएकी थांबल्या. पैसे भरलेले होते, करार होता, तरी ई-मेल बंद. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालय गाठलं, आणि मग सेवा पूर्ववत झाल्या. नायराकडे वकिलांची फौज होती. तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाकडे काय असणार?

केरळने हे वीस वर्षांपूर्वी ओळखलं. तिथल्या शिक्षकांनी आवाज उठवला, सरकारने ऐकलं, आणि आज तिथल्या सरकारी शाळांतली पोरं उबुंटूवर बेतलेल्या, मल्याळमसह येणाऱ्या लिनक्सवर संगणक शिकतात. त्याचं काम कायट ही सरकारी संस्था पाहते आणि मशिनांची संख्या लाखांत आहे. आपल्याकडे संगणक शिकणं म्हणजे एमएस-सीआयटी, आणि एमएस-सीआयटी म्हणजे विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस. त्या अभ्यासक्रमाने खेडोपाडी लाखो लोकांच्या हाती माउस दिला, हे ऋण मोठं आहे. पण संगणकाला आणखीही एखादं तोंड असतं, हे त्यातल्या किती जणांना कळलं?

लिनक्सवाल्यांचा एक दुर्गुण असा की ते प्रवचन देतात आणि अडचणी लपवतात. तेव्हा अडचणी आधी. टॅली विंडोजवरच चालते. डिजिटल सिग्नेचरचं टोकन लावून टेंडर भरायचं असेल तर लिनक्सवर डोकेदुखी होते. गल्लोगल्लीच्या झेरॉक्स दुकानातला कॅनन एलबीपी २९०० हा प्रिंटर लिनक्सवर चालवताना अनुभवी माणसालाही घाम फुटतो. एचपीचे बहुतेक प्रिंटर मात्र लावताक्षणी ओळखले जातात. आणि डीटीपीवाले. पेजमेकर आणि श्रीलिपी यांच्यावर मराठी छपाईच्या दोन पिढ्या उभ्या आहेत. तिथे ‘आज लिनक्स टाका’ असं सांगणं शुद्ध आगाऊपणा होईल.

पण त्या डीटीपी सेंटरमध्ये आणखी एक गोष्ट वाचवायची आहे, आणि तिच्याबद्दल मला लिनक्सपेक्षा जास्त काळजी वाटते. जुन्या श्रीलिपी, आकृती, कृतिदेवसारख्या फॉन्टांतला मजकूर हा संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतोच. आत रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग असते, फॉन्ट तिला देवनागरीचा मुखवटा चढवतो. ती फाइल फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की पानभर डॉलर, कंस आणि उलटसुलट इंग्रजी अक्षरं दिसतात. शोधायला जावं तर एक शब्द सापडत नाही. दिवाळी अंकांचे, तालुका साप्ताहिकांचे, ग्रामदैवतांच्या स्मरणिकांचे कित्येक वर्षांचे गठ्ठे असे एखाद्या जुन्या विंडोज मशीनच्या हार्ड डिस्कमध्ये बंद आहेत. मशीन गेलं, फॉन्टची सीडी हरवली, ऑपरेटर काम सोडून गेला, की तो मजकूर गेला. म्हणून संपादकांनो, प्रकाशकांनो, जोवर ती मशिनं चालतात तोवर फाइली युनिकोडमध्ये करून घ्या. रूपांतर करणारी साधनं आहेत. जोडाक्षरं आणि रफार तपासायला मात्र माणूस बसवावा लागेल. एकदा मजकूर युनिकोडमध्ये आला की तो कुठल्याही सिस्टीमवर उघडतो आणि कुणाच्याही मेहेरबानीवर राहत नाही. स्पर्धेचं पहिलं पाऊल खरं म्हणजे हेच आहे.

शाळेचं काम यापेक्षा पुष्कळ सोपं आहे, कारण तिथलं बहुतेक काम ब्राउझरमध्ये होतं. यू-डायस प्लस, सरल, यूट्यूबवरचे धडे, यांना ब्राउझर खाली कुठल्या सिस्टीमवर चालतो याचं सोयरसुतक नसतं. जिओजेब्रा, स्क्रॅच, तारे दाखवणारं स्टेलेरियम, लहानांसाठी जीकॉम्प्री, सगळं लिनक्सवर फुकट आणि रीतसर मिळतं. रीतसर म्हणजे क्रॅक न करता. पडद्याच्या कोपऱ्यात कायम ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’ लिहिलेलं मशीन समोर ठेवून मुलांना प्रामाणिकपणाचे धडे देणं थोडं विनोदीच आहे.

करायचं कसं? आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. चार जीबी रॅमचं मशीन असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती उतरवून पेनड्राइव्हवर चढवा. मशीन चालू करताना एफ-१२ किंवा त्या कंपनीचं जे बटण असेल ते दाबा आणि पेनड्राइव्हवरून सुरू करा. दोन-तीन मिनिटांत डेस्कटॉप समोर येतो, खाली डाव्या हाताला मेनू, जवळजवळ विंडोजसारखाच. या वेळपर्यंत हार्ड डिस्कला हातही लागलेला नसतो. वाय-फाय जोडून बघा, आवाज बघा, प्रिंट काढून बघा, की-बोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट घालून चार ओळी टाइप करा. पटलं नाही तर पेनड्राइव्ह काढा, मशीन होतं तसं आहे. पटलं तर आधी सगळा डेटा दुसरीकडे काढून घ्या, आणि मगच इन्स्टॉल करा. हा क्रम चुकवू नका. दहा मशिनं असतील तर नऊंवर लिनक्स टाका. दहावं प्रिंटर आणि सिग्नेचरच्या कामासाठी विंडोजवर ठेवा, त्याची मुदतवाढ घ्या. शुद्धतेचा आग्रह धरून काम बुडवण्यापेक्षा हे बरं.

आठवीपासूनची पोरं हे आपणहून शिकतील. अडेल ते मोठ्यांचं. म्हणून इंजिनिअरिंग कॉलेजच्या एनएसएस प्रमुखांना सांगणं आहे : दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर घेताच, झाडं लावता, शोषखड्डे खणता, त्यातला एक दिवस त्या गावच्या शाळेच्या संगणक कक्षाला द्या. पुण्या-मुंबईत लिनक्स वापरणाऱ्यांचे जुने गट आहेत, त्यांना बोलवा. आणि काम झाल्यावर आपला फोन नंबर मुख्याध्यापकांकडे ठेवून या, कारण खरी गरज महिन्याभराने पडते.

ज्यांना संगणकाची दुरुस्ती जमत नाही पण मराठी चांगलं येतं, त्यांच्यासाठीही काम आहे. लिनक्सचे मेनू, संदेश, मदतीची पानं यांचं मराठी भाषांतर एकेकाळी पुण्यातल्या मंडळींनी नेटाने केलं. रेड हॅटचे लोहित फॉन्ट त्याच पिढीच्या आसपासचे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देखणे फॉन्ट मुक्त परवान्याने देऊन ठेवले आहेत. पण मेनूंचं भाषांतर बरंच मागे पडलं आहे. ग्नोम, केडीई, लिबरऑफिस, कुठलाही प्रकल्प घ्या, रोज वीस वाक्यं करा. ‘संचिका’ लिहावं की ‘फाइल’ यावर वाद घालू नका, लोक म्हणतात ते लिहा.

आणि सरकार. केंद्राने २०१५ मध्येच धोरण जाहीर केलं आहे की केंद्राच्या, आणि हे धोरण स्वीकारणाऱ्या राज्यांच्या, सरकारी यंत्रणांनी मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावं आणि ते न घेतल्यास कारण नोंदवावं. ते धोरण कुणी रद्द केलेलं नाही. तेव्हा तुमच्या जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या पुढच्या संगणक खरेदीचं टेंडर निघेल, तेव्हा ते वाचा. त्यात ‘विंडोजसह’ असं लिहिलेलं असेल, तर राज्याने हे धोरण स्वीकारलं आहे का, आणि कारण कुठे नोंदवलं आहे, ते माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाचं शुल्क दहा रुपये आहे.

शनिवारी शाळा सकाळची असते, दुपारी संगणक कक्ष रिकामा असतो. मुख्याध्यापकांना आजच फोन करा, किल्ली मागून घ्या आणि येत्या शनिवारी एका मशीनपासून सुरुवात करा.