ब्रँड : लागू नाही

जुने कपडे ऑनलाइन विकायला गेलं की पहिलाच प्रश्न येतो, ब्रँड कोणता? त्याच्यापुढे लाल चांदणी, म्हणजे उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. तुमच्या-आमच्या पुण्या-बंगलोरच्या कपाटात हे काही अवघड नसतं. कॉलर उलटी करायची, नाव वाचायचं, टाकायचं. पण दिवाळीत मोहाडीला (जिल्हा भंडारा) मावशीकडे हाच उद्योग करत बसलो आणि गाडी तिथंच अडली.

तिच्या पेटीत करवती काठाच्या तीन कोशाच्या साड्या. गुडघे दुखतात म्हणून ती आता गाऊनवरच असते, सून साडी नेसत नाही. म्हटलं विकून टाकू. मावशी म्हणे, "ब्रँड काय असते रे बाप्पा? इथल्याच कोष्ट्यानं विणली, तसंच लिही ना!" तसं लिहायला जागाच नव्हती. यादीत सगळ्यात खाली 'अनब्रँडेड' होतं. ते निवडल्याबरोबर ॲपनं आपणहून किंमत सुचवली, १५० रुपये. मावसभावाच्या जुन्या जीन्सला, मांडीवर विटलेल्या, पण मागे कंपनीचं नाव शाबूत असलेल्या, ४५० रुपये. आता बोला!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कोसा म्हणजे टसर. आपल्याकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर त्याच्या अळ्या वाढतात, आणि पूर्व विदर्भात हे काम पिढ्यान् पिढ्या ढिवर समाजाची माणसं करत आली. साडीचं अंग कोशाचं, काठ सुताचा. दोन काठांना दोन आणि अंगाला एक असे तीन धोटे चालवायचे आणि जिथं काठ अंगाला भेटतो तिथं दोन्हीकडचे आडवे धागे एकमेकांत अडकवायचे. त्यातून करवतीसारखे दाते तयार होतात, म्हणून करवती. मोहाडी-आंधळगावच्या हातमागांवर हे विणलं जातं. या साड्यांना भौगोलिक मानांकनही मिळालंय. एवढं सगळं त्या ॲपच्या हिशेबी 'अनब्रँडेड'.

पूर्वी हाच व्यवहार दारात व्हायचा. आमच्याकडे तिला भांडेवाली म्हणत, पुण्याकडे बोहारीण. (भंडारा पितळी भांड्यांचं गाव, आणि ती मात्र स्टीलच घेऊन यायची!) ती काही साधीभोळी नव्हती. तीन शर्ट, दोन पँटी, वर एक साडी, आणि बदल्यात एवढंसं पातेलं. तासभर घासाघीस. पण कपडा ती उजेडात धरायची, चिमटीत चोळायची, शिवण ताणून बघायची, जर असेल तर खरी की खोटी ते नखानं सांगायची. लेबल तिनं कधी वाचलं असेल असं मला वाटत नाही. किंमत ती पाडायची, पण काय पाडतेय ते तिला पक्कं ठाऊक असायचं.

ॲपची बाजूही आहे. घेणारा लांब बसलेला, त्याला हात लावता येत नाही. अमुक कंपनीची बत्तीस कंबर म्हटलं की त्याला अंदाज येतो. शिवाय हा सगळा साचा तिकडचा. थ्रेडअप २००९ चं, पॉशमार्क २०११ चं, दोन्ही अमेरिकेतली. तिथल्या कपाटात बहुतेक सगळं शिवलेलं आणि लेबल लावलेलं. आपल्याकडे अर्धं कपाट न शिवलेलं असतं. साडीला धड साइजसुद्धा नाही, तिथंही आम्ही मुकाट्यानं 'फ्री साइज' टाकलं.

पण इंजिनियर म्हणून मला जास्त खटकतं ते पुढचं. सुचवलेली किंमत ठरते आधीच्या विक्रीवरून. १५० बघून शहाणा माणूस साडी परत पेटीत ठेवणार. म्हणजे चांगल्या हातमागाची विक्री नोंदलीच जाणार नाही, नोंद नाही म्हणून किंमत वर जाणार नाही. यंत्र बिचारं म्हणत राहणार की असल्या साड्यांना भाव नाही. आणि मावशीसारखी बाई ते खरं मानणार, कारण मोबाईलवर आलंय ना!

"मग सिल्क मार्क बघा की," असं एक मित्र म्हणाला. बाबा रे, सिल्क मार्क आला २००४ मध्ये, हँडलूम मार्क २००६ मध्ये. मावशीचं लग्न झालं १९८२ साली.

अवघड काही नाही यात. कापड कशाचं, हातमाग की यंत्रमाग, कुठल्या गावचं, हे तीन रकाने. काठाचा जवळून एक फोटो आणि उलट्या बाजूचा एक, कारण करवती काठात धागे अडकवलेत की नुसते छापलेत ते मागून दिसतं. आणि लाल चांदणी ब्रँडवरून काढून कापडावर लावायची. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी असल्या ॲपवर काम करत असेल तर निदान 'अनब्रँडेड'च्या वर 'हातमाग' एवढा पर्याय तरी टाका. यादीत एक ओळ वाढवायला किती दिवस लागतात ते मला सांगू नका, मीही तेच काम करतो :)