पावसाळी गटारांचा जमाखर्च

छत्रपती संभाजीनगरचे पावसाशी असलेले नाते मोठे विलक्षण आहे. ज्या पाण्याची वर्षभर वाट पाहायची, तेच आकाशातून पडू लागले की तासाभरात त्याची धास्ती वाटू लागते. अनेक वर्षे कित्येक दिवसांआड नळाचे पाणी भरणाऱ्या या शहरात सखल भागांतील घरे मात्र एका सरीत पाण्याने भरतात. त्यामुळे पावसाळी गटारांच्या योजनेची मागणी दर पावसाळ्यात होते, हे स्वाभाविकच आहे. परंतु मागणी रास्त असली तरी तिचा जमाखर्च मांडल्याखेरीज कोट्यवधींची कामे हाती घेणे शहाणपणाचे ठरणार नाही.

प्रथम जमेची बाजू पाहू. पश्चिमेला खाम आणि पूर्वेला सुखना या दोन नद्यांच्या मध्ये वसलेल्या या शहरात पाणी उतारानेच नद्यांकडे जाते. मुंबईप्रमाणे समुद्राच्या भरतीशी येथे झुंजावे लागत नाही. निचरा नीट झाला तर रस्त्यांचे आयुष्य वाढेल, डासांचा व रोगराईचा उपद्रव घटेल आणि हातावर पोट असणाऱ्यांचे धान्य व अंथरूण-पांघरूण भिजणार नाही. आणखी एक लाभ सहसा लक्षात येत नाही. सुमारे 365 कोटी रुपयांच्या भूमिगत गटार योजनेत कांचनवाडीला दररोज 161 दशलक्ष लिटर क्षमतेचे मलजल शुद्धीकरण केंद्र उभे राहिले. पावसाचे पाणी मलवाहिनीत शिरले की त्या खर्चाचे मोल कमी होते. वाहिन्या तुडुंब भरतात, चेंबर उसळतात आणि अशुद्ध पाणी खाममार्गे नाथसागराकडे जाते. आपण तेथलेच पाणी पितो, हे विसरून चालणार नाही.

आता खर्चाची बाजू. बांधकामाचा आकडा हा त्यातील केवळ पहिला हप्ता होय. दरवर्षी गाळ काढणे, जाळ्या साफ करणे, खचलेला भाग दुरुस्त करणे हा कायमचा भार आहे. नवे रस्ते फोडण्याची किंमत वेगळी. विलंबाची किंमत तर या शहराने पाहिलीच आहे. 2019 मध्ये 1,680 कोटींची मंजूर झालेली पाणीपुरवठा योजना पुढे सुमारे 2,740 कोटींवर गेली. निचऱ्याच्या कामाचेही तसेच झाले, तर तो भुर्दंड करदात्यालाच सोसावा लागेल.

मुंबईचा धडा याबाबत बोलका आहे. तेथील पर्जन्यजल निस्सारणाचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल 1993 मध्येच तयार झाला होता. बराचसा कागदावरच राहिला आणि 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला. त्या महापुराच्या कारणांचा शोध घेणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते ज्येष्ठ जलतज्ज्ञ डॉ. माधवराव चितळे. निवृत्तीनंतर त्यांनी याच शहराला आपली कर्मभूमी केले. अशा शहराने तीच चूक करावी, हे दुर्दैवी ठरेल.

तथापि, केवळ मोठे पाईप टाकणे हा उपाय नव्हे. साधा हिशेब करून पाहावा. एक चौरस किलोमीटरवर तासाभरात 25 मिलिमीटर पाऊस पडला तर अडीच कोटी लिटर पाणी जमते. मोकळ्या मातीवरून त्यातील तीस टक्के वाहिले असे धरले, तर सिमेंटने झाकलेल्या भूमीवरून ऐंशी टक्के वाहते. हा फरक सव्वा कोटी लिटरचा, म्हणजे दहा हजार लिटरच्या साडेबाराशे टँकरचा आहे. वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस मिळणाऱ्या शहराने हे धन नदीत लोटायचे आणि जायकवाडीतून पुन्हा उपसून आणायचे, हा व्यवहार घाट्याचा आहे. देवगिरीच्या दुर्गावर हत्ती हौद बांधणाऱ्यांना, डोंगरातले पाणी नहरींनी शहरात आणणाऱ्यांना थेंबाचे मोल कळत होते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी नैसर्गिक नाले मोकळे करावेत व त्यांच्या हद्दी निश्चित कराव्यात. मग मलजल वेगळे करावे. मैदाने, उद्याने व शासकीय आवारांत पाणी मुरवावे. आणि उरलेल्या पाण्यापुरतीच गटारे बांधावीत. अतिक्रमण हटवताना मतपेढी, जात वा पंथ पाहू नये. नाला बुजवून उभारलेली इमारत धनिकाची असो वा पुढाऱ्याच्या आप्ताची, नियम एकच हवा. मात्र नाल्याकाठी नाइलाजाने राहणाऱ्या गरिबाचे पुनर्वसन आधी आणि पाडापाडी नंतर, हा न्यायाचा क्रमही तितक्याच कटाक्षाने पाळला पाहिजे.

योजनेबरोबरच देखभालीची वार्षिक तरतूदही मंजूर व्हावी, प्रभागनिहाय कामाचा हिशेब जाहीर व्हावा, हा आग्रह नागरिकांनी धरावा. त्याच वेळी स्वतःच्या अंगणाकडेही पाहावे. हजार चौरस फुटांच्या गच्चीवरून वर्षाला सुमारे पन्नास हजार लिटर पाणी मुरवता येते. खाम नदीच्या पुनरुज्जीवनात 2021 पासून प्रशासन, उद्योग आणि नागरिक एकत्र आले, हे आशादायक आहे. गटारात प्लास्टिक न टाकणे ही देखील राष्ट्रसेवाच आहे. पैसा शासन देईल, वाहिन्या अभियंते टाकतील. पण त्या वाहत्या ठेवणे समाजाच्याच हाती आहे.