ढाल कुणासाठी?

अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ रोजी कुळांनी संप पुकारला आणि पंचवीस गावांतली भातखाचरे सहा वर्षे ओस पडली. लावणी कुळाने करायची, उधाणात बांध कुळाने सांभाळायचा आणि मळणी झाली की खळ्यावरचे भात खोताकडे, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराकडे, जायचे, हा रिवाज त्यांना मोडायचा होता. नारायण नागू पाटील यांनी हा लढा उभारला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ मध्ये चरीला येऊन कुळांच्या पाठीशी उभे राहिले. १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या मुंबई कायद्याने.

तो कायदाही कोर्टात टिकेल याची खात्री नव्हती. मार्च १९५१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने बिहारचा जमीन सुधारणा कायदा रद्द ठरवला होता. म्हणून त्याच वर्षी संसदेने पहिली घटनादुरुस्ती करून नववे परिशिष्ट जोडले. त्यातल्या तेरा कायद्यांना मूलभूत हक्कांच्या नावाने आव्हान देता येणार नव्हते. दुसऱ्या क्रमांकावर आपला कूळकायदा, सहाव्यावर खोती नष्ट करणारा कायदा. आणि कायदामंत्री होते आंबेडकर. संसदेने तेव्हा धरलेली ही ढाल योग्यच होती, असे आम्ही ठामपणे मानतो.

पुढे तिच्याआड काय काय लपवले गेले, याचा संताप म्हणूनच अधिक येतो. आणीबाणीत त्याच यादीत ब्याण्णवाव्या क्रमांकावर ‘मिसा’ आला, म्हणजे माणसाला खटला न चालवता तुरुंगात डांबणारा कायदा. १९७६ मध्ये वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा आक्षेपार्ह मजकूर प्रतिबंधक कायदाही तिथे जाऊन बसला. कुळाला खोताच्या जाचातून सोडवणारी तरतूद सरकारला नागरिकापासून वाचवू लागली! चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हे दोन्ही कायदे यादीतून निघाले. यादी मात्र वाढत २८४ वर गेली.

‘संसद सार्वभौम आहे’ असे जे हिरिरीने सांगतात, त्यांनी ही यादी एकदा वाचावी. ही कल्पना ब्रिटनची; तिथे एकसंध लिखित राज्यघटना नाही. आपली संसद राज्यघटनेतूनच जन्मली आहे. सरन्यायाधीश असताना भूषण गवई यांनी २०२५ मध्ये हेच सांगितले. घटनेची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने ठरवले. महाराष्ट्राच्या कमाल जमीनधारणा कायद्यावरून झालेल्या वामनराव खटल्यात, १९८० मध्ये, तीच तारीख सीमारेषा ठरली: त्याआधी परिशिष्टात गेलेले कायदे सुरक्षित, नंतरचे तपासणीस पात्र. खोतीचा कायदा सुरक्षितच राहिला. २००७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी ही तपासणी आणखी पक्की केली.

निवडून न आलेल्या न्यायाधीशांनी लोकप्रतिनिधींना अडवावे का, हा प्रश्न खोटा नाही. कुळांचे कायदे कोर्टात अडकले होते आणि १९७६ मध्ये स्थानबद्धांसाठी सर्वोच्च न्यायालयाचे दारही बंद झाले होते. न्यायालयांनी राज्य चालवू नये. पण कायदा तपासण्याचा त्यांचा अधिकार काढून घेतला, तर सामान्य माणसाने दाद मागायची कुठे?

रायगडकरांसाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) पेण, उरण, पनवेल तालुक्यांतल्या जमिनी मागितल्या गेल्या, तेव्हा समोर खोत नव्हता; भूसंपादनाची नोटीस होती. उद्या एखादा भूसंपादन कायदा नवव्या परिशिष्टात टाकण्याचा घाट घातला गेला, तर इथल्या खासदारांनी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, त्याला विरोध केला पाहिजे. आणि न्यायालयांनी अशा जमिनींचे दावे वर्षानुवर्षे तुंबवून ठेवू नयेत. ताबा गेल्यावर लागलेला निकाल घेऊन शेतकऱ्याने करायचे काय?