छान आहे, पण...

हौशी फोटोग्राफरचा ‘छान’ या शब्दाइतका घात दुसऱ्या कशानेही केला नसेल. हात हलतो, उजेड कमी पडतो, कडेचा माणूस अर्धा कापला जातो. हे सारे सुधारता येते. पण भोवतालची मंडळी रोज ‘छान, छान’ म्हणू लागली की सुधारायचे काही उरतच नाही!

हौशी मंडळींत हल्ली एक चांगली रीत रुळली आहे. पाच-सहा जणांनी मिळून ठरवायचे, की प्रत्येकाने रोज एकच फोटो काढून इतरांना दाखवायचा आणि इतरांनी त्यावर दोन वाक्ये बोलायची. आमच्या ओळखीतही असा सहा जणांचा कंपू आहे. त्यात एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, बँकेतल्या एक बाई आहेत, कॉलेजात जाणारा एक मुलगा आहे. कॅमेरा म्हणाल तर प्रत्येकाच्या खिशातला फोनच. पहिले आठ दिवस सूर्यास्त, जास्वंद, मांजर नि गॅलरीतले कबूतर यांवर निभावले. नवव्या दिवशी घरात फोटो काढण्यासारखे काही उरले नाही, आणि पाहणे तेव्हा कुठे सुरू झाले. त्या दिवशी पोस्टमास्तरांनी दारामागे टांगलेल्या चार छत्र्यांचा फोटो काढला. तो आजही सर्वांना आठवतो. त्यांचे सूर्यास्त कोणालाच आठवत नाहीत.

मुंबईला ही हौस काही नवी नाही. येथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांत होते. १८५६ ते १८५८ या काळात हौशी मंडळींचा एक आल्बम येथे मासिकासारखा निघत असे. दर अंकात तीन फोटो, आणि तेही छापलेले नव्हेत बरे का, खरे प्रिंट चिकटवलेले! त्या काळी काचेवर रसायन लावून ते सुकायच्या आत फोटो काढून धुवावा लागे, हे लक्षात घेतले तर महिन्याला तीन हा आकडा लहान वाटणार नाही. पुढे घरोघर आग्फा क्लिक थ्री आला. त्याच्या रोलवर फोटो निघत बारा. बारशाला सुरू केलेला रोल कित्येक घरांत मुंजीपर्यंत पुरवला जाई. तेव्हा ‘रोज एक’ कोणी म्हटले असते तर वडिलांनी कॅमेराच कपाटात ठेवला असता.

या रोजच्या नेमाचा खरा मानकरी मात्र न्यूयॉर्कचा जेमी लिव्हिंग्स्टन. १९७९च्या मार्चअखेर त्याने पोलरॉइडवर रोज एक फोटो काढायला सुरुवात केली आणि २५ ऑक्टोबर १९९७ रोजी तो वारला, त्या दिवसापर्यंत क्रम चालू राहिला. जेवणाचे टेबल, मित्र, रस्ता आणि शेवटी दवाखाना. त्यांतले पुष्कळ फोटो एकेकटे पाहिले तर सामान्यच म्हणावे लागतील. पण मित्रांनी २००७ साली त्याच्या जुन्या कॉलेजात ते तारीखवार मांडले, तेव्हा भिंतीवर एका माणसाचे सबंध आयुष्य उभे राहिले.

आता अभिप्रायाविषयी. आमच्या कंपूत ‘छान’ या शब्दाला बंदी आहे. आधी काय दिसले ते सांगायचे, मग काय खटकले ते. पोस्टमास्तरांनी जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन कापून ठेवले आहेत. ते फोटोवर समोरासमोर ठेवून चौकट लहान-मोठी करीत ते म्हणतात, “हे आकाश काढून टाका पाहू.” आणि खरोखरच, आकाश गेले की फोटोत जीव येतो! रांगोळीचा फोटो भर दुपारी काढला तर रंग फिके पडतात. सकाळचे तिरपे ऊन असेल तर कणाकणाची सावली दिसते. आकाशकंदील काढायचा तर सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांत, आकाशात निळाई आहे तोवर. नंतर उरतो तो काळ्या कागदावरचा पिवळा ठिपका. हे सारे आम्ही एकमेकांकडूनच शिकलो.

पण कधी कधी अभिप्राय फोटोपलीकडेही जातो. गेल्या दिवाळीत त्या कॉलेजातल्या मुलाने फराळाच्या ताटाचा फोटो दाखवला. चकलीचा काटा न् काटा मोजून घ्यावा, असा. बँकेतल्या बाई बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “ताट सुरेख आले आहे. पण बाळ, तीन महिने तुझे फोटो पाहते आहे. त्यांत तुझी आई एकदाही दिसली नाही.”

मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीचा त्याचा फोटो स्वयंपाकघरातला होता. आई खिडकीकडे पाठ करून उभी, त्यामुळे चेहरा काळोखात. मागे डब्यांची रांग, त्यातला एक डबा नेमका डोक्यावर मुकुटासारखा. दोष काढायचे तर दहा निघाले असते. बाईंनी एकच काढला. “उद्या तिला खिडकीकडे तोंड करून बसव,” त्या म्हणाल्या, “आणि घाई करू नकोस.”