गाईला कांडी, शेळीला काय?

गावगाड्यात जनावराशी आपला संबंध ते मेल्यावर यायचा. पाटलाचा बैल मेला की महारवाड्याला हाक जायची. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडा म्हणून बजावले आणि गावोगावी मेलेली गुरे ओढण्याचे काम समाजाने टाकून दिले. आज प्रश्न जनावराच्या मरणाचा नाही, जन्माचा आहे. चांगल्या जन्माची किल्ली सरकारी दवाखान्यातल्या नायट्रोजनच्या टाकीत बंद आहे. ती कुणाच्या दावणीपर्यंत पोहोचते, हे चळवळीने विचारायला हवे.

ही किल्ली म्हणजे गोठित रेत. ग्लिसरीन मिसळले तर शुक्राणू गोठवूनही जिवंत राहतात, हे १९४९ साली इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवले. निवडक वळूचे रेत काढतात, तपासतात, द्रावणात पातळ करतात आणि पाव मिलिलिटरच्या कांड्यांत भरून उणे १९६ अंशांवर द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. टाकीतला नायट्रोजन आटू दिला नाही तर कांडी वर्षानुवर्षे टिकते. एका वळूपासून वर्षाला हजारो मात्रा निघतात. पूर्वी ज्याच्या वाड्यात चांगला वळू, त्याच्याच गोठ्यात चांगली पैदास. कांडीने ही मक्तेदारी मोडली. विज्ञानाने वाड्यातली गोष्ट वस्तीपर्यंत नेण्याची सोय करून ठेवली, हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

महाराष्ट्रात या कामाचा पाया जुना आहे. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली ‘बाएफ’ उभी केली. २००२ साली राज्याने पशुधन विकास मंडळ स्थापले. पुणे, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे शासनाच्या गोठित रेत प्रयोगशाळा झाल्या. आमच्या बीड जिल्ह्यात परळीचा भाग लाल कंधारीच्या पट्ट्यात येतो. अंबाजोगाई तालुक्यात साकूडला लाल कंधारी आणि देवणी गोवंशाच्या जतनाचे प्रक्षेत्र राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केले. चांगली गोष्ट आहे. देशी जात टिकली पाहिजे.

पण बीडच्या भूमिहीनाच्या दारात काय आहे? दिवाळी उरकली की नवरा-बायकोचा कोयता ऊसतोडीला जातो. मागे म्हातारी, शाळेची पोरे आणि दोन-चार शेळ्या राहतात. गाय पाळायला वैरण लागते, वैरणीला जमीन लागते. शेळी बांधावर, गायरानात, बाभळीच्या शेंगांवर जगते. पाच महिन्यांत विते, उस्मानाबादी असेल तर बहुधा जुळी देते. पोराची फी, म्हातारीचे औषध, मुकादमाच्या उचलीचा फेरा, सारे तिच्या करडांवर निभावते. ‘गरिबाची गाय’ म्हणून तिचे भाषणात कौतुक होते. मग गाईची कांडी तिला का नाही?

अनुसूचित जातींसाठी ७५ टक्के अनुदानावर दहा शेळ्या आणि एक बोकड देण्याची योजना आहे. योजना आपल्या हक्काची आहे, ती घेतलीच पाहिजे. पण दहा शेळ्यांत तोच एक बोकड राहिला तर वर्ष-दोन वर्षांत तो स्वतःच्याच पाठींवर उडतो. रक्त जवळ येते. करडे बारकी निपजतात, मरतात. मग साहेब म्हणतात, ‘या लोकांना शेळ्या सांभाळता येत नाहीत.’ दोष बाईचा नसतो, नवे रक्त न देणाऱ्या योजनेचा असतो. दूरच्या कळपातल्या उत्तम उस्मानाबादी बोकडाची कांडी दवाखान्यात मिळाली, तर हा प्रश्न बोकड न बदलताही सुटतो.

शेळीचे रेत गोठवणे गाईपेक्षा अवघड आहे, हे खरे. बोकडाच्या रेतातल्या एका विकराचे अंड्याच्या बलकाशी जमत नाही, म्हणून द्रावण वेगळे लागते. शेळीचे गर्भाशयमुखही अरुंद असते. पण फलटणच्या निंबकर संस्थेने हे काम करून दाखवले आहे. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१ च्या सुधारणेनंतर शेळ्या-मेंढ्यांच्या रेत प्रयोगशाळेला, रेतपेढीला आणि गाई-म्हशींच्या चालू केंद्रांतूनच शेळ्यांना कृत्रिम रेतन देण्याला मदतीची तरतूद आहे. म्हणजे शास्त्र आहे, तरतूद आहे. उरते ती इच्छा.

आता कायदा पाहा. २०१५ साली राज्यात बैल व वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. गोऱ्हा शेतकऱ्याला ओझे झाला. त्यावर उतारा म्हणून, बहुतेक कालवडीच व्हाव्यात अशी लिंगनिश्चित रेतमात्रा सरकार अनुदान देऊन पुरवते. गाईचा नर नको म्हणून खर्च, आणि जिचा नर बाजारात रोख पैसा देतो त्या शेळीसाठी हात आखडता! २०२३ साली रेताचे उत्पादन, साठवण आणि विक्री यांवर नियंत्रण ठेवणारा राज्याचा कायदा झाला. त्याचे नावच ‘गोजातीय प्रजनन’. गाई-म्हशीच्या मालकाला बोगस कांडीपासून कायद्याचे संरक्षण मिळाले. शेळीवाली बाई कायद्याच्या बाहेरच राहिली.

यात गाय विरुद्ध शेळी असे भांडण नाही. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या टाकीत आपलाही वाटा आहे, एवढेच म्हणणे आहे. म्हणून कार्यकर्त्यांनी दहा रुपयांचे तिकीट लावून माहिती अधिकारात तीन प्रश्न विचारावेत. आपल्या तालुक्यात गेल्या वर्षी शेळ्यांसाठी किती रेतमात्रा आल्या? किती शेळ्यांना कृत्रिम रेतन झाले? ‘मैत्री’ नावाच्या योजनेत रेतनाचे प्रशिक्षण घेतलेल्या तरुणांत अनुसूचित जातींचे किती? मैत्री हा शब्द आपल्याला नवा नाही. त्या नावाच्या योजनेत आपली पोरे आहेत की नाहीत, हे तरी कळू द्या.

उत्तर शून्य आले तर तो कागद जपून ठेवा. पुढच्या निवेदनाला आणि वेळ पडली तर याचिकेला तोच पहिला पुरावा होईल.