लेकराला अजून तासभर झोपू द्या

फजरच्या अजानमध्ये इतर चार अजानांपेक्षा एक वाक्य जास्त असतं. झोपेपेक्षा नमाज बेहतर आहे, हे सांगणारं. ते मोठ्या माणसांसाठी आहे. आमच्या मोहल्ल्यांत मात्र त्याचा सगळ्यात जास्त मार पाच-सहा वर्षांच्या लेकरांना बसतो, आणि तोही नमाजसाठी नाही. सातच्या शाळेसाठी, नाहीतर शाळेच्या आधीच्या अरबीसाठी. पोर डोळे उघडत नाही म्हणून अम्मी तोंडावर पाणी मारते. नानी बाजूला बसून म्हणते, मुसलमानाचं पोर आहेस, सूर्य उगवेपर्यंत झोपतोस? तसंच अर्धं झोपलेलं पोर मग युनिफॉर्ममध्ये घातलं जातं.

दीनचं नाव घेऊनच हे होत असेल तर आधी दीन काय सांगतो ते बघू. मुलांना नमाजची ताकीद करायची ती सातव्या वर्षापासून, हे अबू दाऊदच्या हदीसमध्ये आहे. फर्ज होते ती त्याच्याही पुढे, वयात आल्यावर. दुसरी एक हदीस सगळ्यांना माहीत आहे. तीन माणसांचा हिशेब लिहिला जात नाही: झोपलेला, तो जागा होईपर्यंत, मूल, ते मोठं होईपर्यंत, आणि ज्याचं डोकं ठिकाणावर नाही तो, ते ठिकाणावर येईपर्यंत. पहाटे झोपलेलं पाच वर्षांचं पोर या यादीत दोनदा बसतं. अल्लाहने ज्याला दोनदा सूट दिली त्याला आपण एकदाही देत नाही. जमातीत कुणाचं मूल रडलं की हुजूर (स.) नमाज आखडती घेत, त्याच्या आईचा जीव खालीवर होऊ नये म्हणून. फर्ज नमाजही लेकरासाठी थोडक्यात आटोपत होती. आम्हाला शाळेची घंटा मागे सरकवता येत नाही.

"पण सवय नको का लागायला?" हा प्रश्न येणारच. सवय जरूर लावा, पण ती रात्री लागते, सकाळी नाही. इशाच्या आधी झोपणं आणि इशाच्या नंतर गप्पा मारत बसणं, दोन्ही हुजूरांना आवडत नव्हतं. बुखारीत आहे. यातला पहिला भाग आम्ही मुलांना ऐकवतो, दुसरा स्वतःला ऐकवत नाही. आमच्याकडे वलिम्याचं जेवण दहाला सुरू होतं. इस्लाही जलसा साडेअकराला रंगात येतो, आणि व्याख्यानाचा विषय असतो औलादची तरबियत. ती औलाद पुढच्या सतरंजीवर एकमेकांच्या अंगावर पेंगत असते. रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावायचा नाही हा कायदा 2000 सालापासून आहे. तो कुणी मोडला की आम्हाला आठवतो, आम्ही मोडतो तेव्हा ती मजहबी गरज असते. (इतर वाचकांनी फार हसू नये. लवकर निजून लवकर उठण्याची म्हण तुमच्या घरात आहे. तिच्यात निजणं आधी येतं आणि उठणं नंतर, एवढं तपासून बघा.)

आता साधा हिशेब. झोपेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संस्थेने 2016 मध्ये वयानुसार तास सांगितले. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात, दुपारची झोप धरून, 10 ते 13 तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला 9 ते 12. आमचं पोर अकराला झोपतं आणि सहाला उठवलं जातं, म्हणजे सात तास. दुपारी ते अरबीला किंवा ट्यूशनला असतं. पाच वर्षांच्या मुलाची रोज कमीत कमी तीन तासांची तूट. सोमवार ते शनिवार अठरा तास, म्हणजे आठवड्यात जवळजवळ दोन रात्री गायब. आणि पहाटे कापली जाते ती झोप साधी नसते. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त येते, स्वप्नांची झोप शेवटच्या भागात. दिवसभर शिकलेलं, पाहिलेलं डोक्यात नीट लागायला दोन्ही लागतात. आम्ही शेवटचा भाग रोज कापतो आणि मग वर्गशिक्षिकेला विचारतो की पोराच्या लक्षात का राहत नाही. चिडचिड, हट्ट, वर्गात मारामारी, याला आम्ही शरारत म्हणतो. त्यातली बरीचशी नुसती झोप असते.

काही आयांना वाटतं, उशिरा झोपवलं की सुट्टीच्या दिवशी आपोआप उशिरापर्यंत झोपेल. लहान मुलांचं तसं होत नाही. खिडकीतून उजेड आला, दुधवाल्याने हाक मारली की ते त्याच वेळेला उठून बसतं, फक्त जास्त किरकिरत. सकाळी जास्त झोपवायचं असेल तर रात्री लवकर निजवावं लागतं, हे उलटं वाटलं तरी खरं आहे. शिवाय संध्याकाळचा झगझगीत उजेड लहान मुलांच्या झोपेला मोठ्यांपेक्षा जास्त मारतो. म्हणून मगरिबनंतर जेवण, ट्यूबलाइट बंद करून बारीक दिवा, मोबाइल त्याच्याही हातात नाही आणि त्याच्या शेजारी तुमच्याही हातात नाही. हिवाळ्यात मुंबईत इशाची अजान साडेसातच्या आसपास होते. पोर साडेआठला झोपलं आणि सातला उठलं तरी साडेदहा तास भरतात. खिडकीला जाड चादर लावा. यात डॉक्टर लागत नाही, पैसेही लागत नाहीत.

हे लिहिणं सोपं आहे, मला माहीत आहे. भिवंडीत, मालेगावात लूमची पाळी बारा तासांची. बाप रात्री आठ-नऊला घरी येतो. खोली एकच. तो जेवेपर्यंत दिवा जळणार, भांडी वाजणार आणि पोराला बापाचं तोंड बघायला मिळणार ते तेवढ्याच वेळात. शेजारच्या कारखान्याची खडखड तर बंदच होत नाही. तिथल्या आईला मी मंद दिव्यावर भाषण देणार नाही. तिची रात्र तिच्या हातात नाही. सकाळ मात्र आपल्या सगळ्यांच्या हातात आहे, शाळेच्या आणि मशिदीच्या. ज्याची रात्र जाते त्याला सकाळ तरी द्यायला हवी. सातची शाळा सगळ्यात जास्त गरिबाच्या पोराची झोप खाते, ती यामुळे.

आणि ते सात तरी खरे सात आहेत का? आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर लावलेलं आहे. मुंबईचा सूर्य त्याच्या 39 मिनिटं मागे चालतो. एकेकाळी मुंबईला हे मान्य होतं. भारतीय प्रमाणवेळ 1906 मध्ये आली, पण मुंबईने आपली वेगळी वेळ 1955 पर्यंत सोडली नाही. म्हणजे शाळा सातला भरते तेव्हा जुन्या मुंबईच्या घड्याळात सहा वाजून एकवीस मिनिटं झालेली असतात. डिसेंबरात तर सूर्यच सातनंतर उगवतो. आपण नमाज सूर्यावर पढणारी माणसं. दर मशिदीच्या भिंतीवर तुलूचा, म्हणजे सूर्योदयाचा, वक्त लिहिलेला असतो. त्या तक्त्याखाली उभं राहून बघा: डिसेंबर-जानेवारीत पहिलीतलं पोर सूर्य उगवायच्या आधी वर्गात बसलेलं असतं.

सरकारला हे उशिरा का होईना कळलं. डिसेंबर 2023 मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस मुलांच्या झोपेवर बोलले आणि फेब्रुवारी 2024 मध्ये शासन निर्णय निघाला: पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत. बसमालक ओरडले, संस्थाचालक ओरडले. निर्णयात एक फट होतीच. ज्यांना अगदीच शक्य नाही त्यांनी शिक्षण खात्याची मंजुरी घ्यावी. त्या फटीतून जाणाऱ्यांत आमच्या उर्दू शाळाही आहेत. कारण एकच सांगितलं जातं: इमारत एक, पाळ्या दोन.

कारण खोटं नाही. जागा नाही, हे खरंच आहे, आणि मुस्लिम वस्तीत शाळेला जागा का मिळत नाही हा वेगळा लेख आहे. पण हिशेब करून कुणी बघितला का? शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस आणि 800 तास अध्यापन सांगितलं आहे, म्हणजे रोजचे चार तास. सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास, म्हणजे साडेचार तासांहून थोडं जास्त. लहानांची पाळी नऊ ते एक, मोठ्यांची सव्वा ते सहा. मधली सुट्टी आखूड होईल, एखादा शनिवार जास्त भरवावा लागेल. पण बसतं. डिसेंबरात मुली सूर्य मावळता मावळता घरी येतील, हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. त्या दोन महिन्यांत मोठ्यांची शाळा अर्धा तास आधी सोडा आणि ते तास उन्हाळ्याआधी भरून काढा, कारण कायदा तास वर्षाचे मोजतो. सकाळच्या पाळीतले शिक्षक बारानंतर मोकळे होतात आणि त्यांची दुपार ट्यूशनला जाते, हा खरा अडसर कितीतरी ठिकाणी आहे. तो मात्र कुणी अर्जात लिहीत नाही.

मोठ्यांना सकाळी आणि छोट्यांना दुपारी, असा उपायही सुचवला जातो. तो मला पटत नाही. वयात येणाऱ्या मुलांना झोपच उशिरा लागते, त्यांनाही सातची शाळा जड जाते. एकाची झोप काढून दुसऱ्याला देण्यात काही अर्थ नाही.

राहिली मशीद. फजरनंतरच्या मकतबमध्ये सात वर्षांखालची मुलं बसवूच नयेत. कायदा हातात घेऊन पेंगणाऱ्या पोराला अलिफ आणि ऐन यांतला फरक कसा कळणार? असर ते मगरिब हा वेळ आहे. बऱ्याच मशिदींत तेव्हाच वर्ग भरतो आणि तिथली मुलं नाझरा काही कमी पढलेली नसतात. इमामसाहेबांचा पगार तेवढा वाढवावा लागेल, कारण असरनंतर ते घरोघरी शिकवायला जातात आणि त्यावरच त्यांचं घर चालतं. जमातीने वलिम्यातली एक डिश कमी केली तरी तो खर्च निघेल.

ज्यांची मुलं चौथीच्या आत आहेत त्यांनी एवढं करावं. शाळेत जाऊन विचारावं, नऊच्या आधी वर्ग भरवण्याची मंजुरी कुणी दिली, कोणत्या कारणासाठी आणि किती वर्षांसाठी. कागद दाखवा म्हणावं. कागद नसेल तर पाच-दहा पालकांनी सही करून शिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज द्यावा. नवीन वर्षाचं वेळापत्रक उन्हाळ्याच्या सुट्टीत ठरतं, त्यामुळे एप्रिलच्या आत.