अंकधात्री

इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांत हल्ली एक कथानक वारंवार येते. नामवंत खेळाडू, ऐन उमेदीत पत्नी निवर्तलेली, पदरी लहान मूल. ते सांभाळण्यासाठी एक तरुणी घरात येते, आणि तीनशे पाने उलटेपर्यंत दोघांच्या मनात काय आहे हे त्या दोघांखेरीज सर्वांना कळलेले असते. आपल्या घरांतील मुलीही ही पुस्तके वाचतात, आणि त्यात हेटाळणी करण्यासारखे काही नाही. माझा आक्षेप एवढाच की, त्या तरुणीच्या पगाराचा उल्लेख पहिल्या प्रकरणात होतो आणि पुढे तो विषय कायमचा मिटतो.

प्रत्यक्षातील विधुर खेळाडूचे दुःख कादंबरीइतके देखणे नसते. इंग्लंडचा फुटबॉलपटू रिओ फर्डिनांड याची पत्नी २०१५ मध्ये कर्करोगाने गेली, मागे तीन मुले राहिली. आईविषयी मुलांशी बोलावे कसे, हेच आपल्याला उमगत नव्हते, हे त्याने २०१७ च्या एका माहितीपटात उघडपणे दाखवले. पुढे २०१९ मध्ये त्याने दुसरा विवाह केला. तो मुलांच्या दाईशी नव्हे.

मूल सांभाळणाऱ्या स्त्रीचे मोल आपल्या आगमांनी फार पूर्वी जाणले होते. राजपुत्राच्या संगोपनाचे वर्णन आले की तेथे पाच धात्री येतात: दूध पाजणारी क्षीरधात्री, न्हाऊ घालणारी मज्जनधात्री, नटवणारी मंडनधात्री, खेळवणारी क्रीडनधात्री आणि मांडीवर घेणारी अंकधात्री. ज्याचे उभे आयुष्य निराळ्या प्रकारच्या अंकांत गेले, त्या माझ्यासारख्याला हा शेवटचा शब्द विशेष गोड वाटतो. आज या पाचही जणींचे काम एकटी बाई करते, आणि वर कुकरही लावते.

याच शास्त्रकारांनी साधूच्या आहाराचे जे दोष सांगितले, त्यांतील सोळा उत्पादनदोषांत धात्रीदोषही आहे. गृहस्थाचे मूल खेळवून, जोजवून त्या बदल्यात आहार मिळवणे साधूला निषिद्ध. आपल्या लेकराला प्रेमाने जवळ घेणाऱ्यापुढे आईबापांचे मन पाघळते, हे त्यांनी नेमके हेरले होते. विधुर पित्याला जे प्रेम वाटते, त्यात या पाघळण्याचा वाटा किती आणि त्या स्त्रीविषयीची खरी ओढ किती, हा हिशेब महिन्या-दोन महिन्यांत लागणारा नाही.

आता ही कथा कल्पनेतच वसईत आणून पाहू. आपल्याच समाजातील एक तरुण, घरची पेढी, स्वतः मॅरेथॉनचा धावपटू. डिसेंबरच्या वसई-विरार मॅरेथॉनच्या तयारीसाठी पहाटे राजोडीच्या किनाऱ्यावर सरावाला जाणारा. पत्नीला जाऊन वर्ष झाले आहे, मूल दीड वर्षाचे आहे. नालासोपाऱ्याहून एक स्त्री सकाळी सहाला येते, तेव्हा कुठे हा बाहेर पडतो. नातलग मेहुणीचे स्थळ सुचवतात (तिला कोणी विचारले आहे का, हा प्रश्न बहुधा मागाहून येतो). आपल्याकडे बिजवराला स्थळांची वाण पडत नाही. तेराव्याच्या पंगतीतच कुजबुज सुरू होते, आणि तीच माणसे विधवा सुनेच्या बाबतीत वर्षानुवर्षे गप्प राहतात. या तरुणाचे मन मात्र त्या बाईंकडे लागले आहे. लोक पहिल्यांदा विचारतील, ती कोणत्या जातीची. मला आधी वेगळेच विचारावेसे वाटते. ती ‘नाही’ म्हणू शकेल का?

बँकेत एक साधा दंडक असतो. ज्या कर्जप्रस्तावात आपला स्वतःचा संबंध गुंतलेला आहे, त्यावर आपण सही करायची नाही. संबंध जाहीर करायचा आणि बाजूला व्हायचे. पगार देणारा हात आणि मागणी घालणारा हात एकच असेल, तर समोरचीच्या होकाराची किंमत ठरवता येत नाही. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे आणि घरकामगार स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागण्याचा हक्क दिला आहे. तेव्हा हा केवळ सभ्यतेचा प्रश्न उरलेला नाही.

मग तिला आधी कामावरून मोकळे करावे काय? तेही सोपे नाही. एकदा आई गमावलेल्या मुलाची मांडी दुसऱ्यांदा हिरावली जाते. मला सुचतो तो मार्ग असा: तिचा पगार, सुट्या, वेळा यांचा व्यवहार आजीने स्वतःकडे घ्यावा. काही काळ जाऊ द्यावा. मग घरातील जाणत्या स्त्रीने तिच्या माहेरी जाऊन विचारावे आणि उत्तर काहीही आले तरी काम व पगार यांना धक्का लागणार नाही, हे आधीच सांगावे. नकारानंतर ती थांबेलच असे नाही, आणि ती गेली तर मूल रडेल. हा धोका पत्करूनच विचारायचे असते.

महाराष्ट्रातील या कथेच्या जवळचे उदाहरण महर्षी कर्व्यांचे आहे. ते खेळाडू नव्हते. तरी शाळकरी वयात परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत डोंगर तुडवत पायी गेलेल्या माणसाच्या पायांविषयी शंका घेऊ नये. १८९१ मध्ये त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या, तेव्हा मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. पुन्हा लग्न केले तर विधवेशीच करीन, असा कर्व्यांचा निश्चय होता. मित्र नरहरपंत जोशी यांची बालविधवा बहीण गोदूबाई ही घरोब्यातील, परिचयाची. पण ती कर्व्यांच्या घरी अन्नाला लागलेली नव्हती. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात ती शिकत होती. तिला डोक्यावर छप्पर होते, हाती पाटीपुस्तक होते, आणि कर्व्यांना नकार दिला असता तरी त्यातले काही सुटणार नव्हते. तिची संमती घेऊन ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात विवाह झाला. मुरूडकरांनी बहिष्कार घातला. गोदूबाईंची आनंदीबाई झाली आणि पुढे ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात त्यांनी स्वतःची हकिकत स्वतःच्या शब्दांत सांगितली.

आमच्या वसईच्या बाईंनी होकार दिला, असे धरू. मग कागदपत्रे आली, आणि येथे व्यापारी घरे नको तेवढी भाबडी होतात. हिंदू विवाह कायदा जैनांनाही लागू आहे. वधू हिंदू असल्यास त्याखाली विवाह होतो. ती वसईतील ख्रिस्ती घरची असेल, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा, तीस दिवसांची नोटीस, आणि एक गोष्ट जी बहुतेकांच्या गावीही नसते: अशा विवाहाने तो तरुण एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असे कायदा मानतो. पेढी किंवा गाळा एचयूएफच्या नावावर असेल, तर चार्टर्ड अकाउंटंटला लग्नपत्रिकेच्या आधी बोलवावे.

मुलाची गोष्ट याहून नाजूक आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात ‘आई’ या शब्दातून सावत्र आई स्पष्ट शब्दांत वगळली आहे. उद्या त्या तरुणाचे काही बरेवाईट झाले, तर ज्या स्त्रीने पाचही धात्रींचे काम केले, ती लग्नानंतरही मुलाची नैसर्गिक पालक ठरत नाही. यावर उपाय त्याच कायद्यात आहे. पित्याने मृत्युपत्रात तिची पालक म्हणून नेमणूक करावी. बँकेतील नामनिर्देशने बदलून भागले असे समजू नये. नॉमिनी हा वारसांच्या वतीने पैसे स्वीकारणारा असतो, मालक नव्हे.

मुलाच्या नावाचे काय, असेही कोणी विचारील. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनाने वडिलांच्या नावाआधी आईचे नाव अनिवार्य केले आहे. ते नाव जन्मदात्रीचेच राहील. शाळेच्या हजेरीपटावर ते रोज वाचले जाईल, आणि त्या मुलाला डबा देऊन पाठवणारी ते ऐकेल.